दिव्याला दिलेली ओ

मला खोटं बोलायला वेळ नाही.

मी रफूचं काम करते. फाटलेल्या कोटाला, विरलेल्या शालीला असा धागा भरायचा, की कुठे फाटलं होतं ते मालकालासुद्धा सापडू नये. या कामात थापा चालत नाहीत. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं सांगते. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

आणि माझ्याकडे रात्र मागू नका. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते, घुबड लागतं, कुत्र्यांचं रडणं लागतं. माझ्याकडे यातलं काहीच नाही.

दुपार होती. मंगळवारची भरदुपार. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता.

घर आमचंच. तिसऱ्या मजल्यावरचं. बाहेरच्या दारातून आत आलं की एक लांब, चिंचोळा पॅसेज. त्याच्या एका बाजूला स्वयंपाकघर, पुढे हॉल, आणि अगदी टोकाला आमची झोपायची खोली. त्या खोलीतून बाहेर पडायला दुसरी वाट नाही.

हे लक्षात ठेवा.

माझा एक डोळा लहानपणापासून अधू आहे. त्याने सावल्या नि रंग तेवढे कळतात. सगळी भिस्त दुसऱ्यावर. आणि नेमकं त्याच डोळ्याच्या मागच्या पडद्याला भोक पडलं. नशीब बघा, जन्मभर लोकांची भोकं बुजवली आणि माझ्याच डोळ्याला रफू करायची वेळ आली.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. म्हणाले, "बुडबुडा वर तरंगतो. तुम्ही मान खाली ठेवली तर तो मागच्या पडद्याला टेकून राहील आणि भोक भरेल. मान वर केली की तो जागेवरून हलला."

"हलला तर काय?"

"तर परत ऑपरेशन. आणि मग डोळा वाचेलच असं मी सांगू शकत नाही."

विषय संपला. तो डोळा गेला तर माझ्या हातात सुई राहणार नव्हती. आणि सुईशिवाय मी कोण, ते मला माहीत नाही.

मी खोलीत पालथी पडून राहायचे. पोटाखाली उशा, आणि डोकं पलंगाच्या काठाबाहेर, एका स्टुलावर. स्टुलाला मध्ये भोक होतं, कडेने टॉवेलची गुंडाळी. ऑपरेशनच्या डोळ्यावर पट्टी, त्यामुळे त्या भोकातून आणि स्टुलाच्या पायांमधून अधू डोळ्याला खालची फरशी तेवढी दिसायची. दिवसभर फरशी. उठायचं ते मोरीपुरतं, तेही हनुवटी छातीला लावून. रडायलाही बंदी. उजेड सहन होत नव्हता म्हणून पडदे जाड आणि कायम ओढलेले.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्रं सांभाळतात. हात सोन्याचे आहेत, पण डोक्यात एक किडा आहे. नवीन काही बाजारात आलं की घरात यायलाच हवं. माझं ऑपरेशन ठरलं आणि ह्यांना निमित्त मिळालं. खोलीतल्या दिव्याला स्मार्ट स्विच बसवला.

साधा नाही. एकच दिवा, पण घरात कुठूनही लावा, कुठूनही विझवा. भिंतीत मुख्य स्विच, आणि त्याच्या जोडीला चिकटवायची बटणं. त्यांना वायर नाही, आत चपटा सेल. एक बाहेरच्या दारापाशी. एक स्वयंपाकघरातल्या टाइलवर. एक पॅसेजमधल्या कपाटावर. एक खोलीच्या चौकटीवर. आणि एक माझ्या स्टुलाच्या पायाला, म्हणजे मान न हलवता बोट पोचेल असं. शिवाय ह्यांच्या फोनमध्येही.

"अहो, एका दिव्याला इतकी बटणं? म्हणजे एका सुनेला घरभर सासवा," मी म्हटलं.

"अगं, त्यात काय भांडण? दिवा शेवटच्या माणसाचं ऐकतो. ज्याने शेवटचं बटण दाबलं, त्याचं खरं."

मग ह्यांनी एक खूण ठरवली. कामावर असताना माझी आठवण आली की हे फोनवरून खोलीतला दिवा क्षणभर लावून विझवणार. मी उलट स्टुलाचं बटण दाबून तसंच करायचं. ह्यांच्या फोनवर ते दिसणार, म्हणजे कळणार की बायको ठीक आहे.

"म्हणजे या वयात तुम्ही मला डोळा मारणार."

"आणि तू ओ द्यायची."

मला हसू आलं. खरं सांगते, आवडलंसुद्धा. दिवसभर फरशी बघणाऱ्या बाईला तेवढंच पुरतं.

तर तो मंगळवार. हे सकाळी कामावर गेले. थोड्या वेळाने फरशी उजळली आणि परत काळोखी झाली...

मी बटण दाबून ओ दिली.

परत काही वेळाने डोळा मारला. परत ओ दिली. तिसऱ्या वेळी मी दिव्याला म्हटलंसुद्धा, "पुरे आता, काम करा." चौथ्यांदा मात्र मी आळस केला. उत्तर दिलं नाही.

दिवा परत लागला.

विझला नाही. तसाच लागून राहिला. कुणीतरी वाट बघत राहावं तसा.

मी बटण दाबलं, तेव्हा विझला.

दुपारी माझी नणंद जेवू घालायला आली. आम्ही तिला चिमणी म्हणतो, कारण तिची चिवचिव जिन्यातूनच सुरू होते. औषधांच्या दुकानात काम करते. मधल्या सुट्टीत धावत यायची, मला भरवायची, धावत परत जायची. बाहेरून किल्लीने दार उघडायची आणि जाताना किल्लीनेच बंद करायची, मला उठायला नको म्हणून.

चप्पल काढायच्या आधीच तिची हाक यायची. कधीच एक नाही. "वहिनी, वहिनी, अगं वहिनी." असं एका दमात. मी ओ देईपर्यंत थांबायची नाही.

मला खाली मान घालून जेवताना बघून ती म्हणाली, "अशी गरीब गाय आयुष्यात पहिल्यांदा बघतेय मी."

"बघून घे. पुन्हा दिसणार नाही."

माझा फोन तिने उचलून हॉलमध्ये चार्जिंगला लावला. तिकडून ओरडली, "अगं, दादाचा फोन इथेच आहे की. फ्रिजच्या मागे पडलाय."

माझा घास तोंडातच राहिला.

"कुणाचा फोन?"

"दादाचा. विसरून गेला असणार. बंद पडलाय. चार्जिंगच नाही. काल रात्रीपासून मेलेला दिसतोय."

फरशीकडे बघत राहिले. दुसरं बघणार काय?

मग हळूच म्हटलं, "चिमणे, सकाळपासून दिवा लुकलुकत होता."

"कनेक्शन लूज असेल. दादाने बसवलंय ना? मग झालं तर." आणि ती हसली.

मीही हसले. तिला दुकानात परत जायचं होतं. तिच्या मालकाचं तोंड म्हणजे गटार. दिव्याला घाबरून तिला थांबवून घेऊ? मला लाज वाटली. आजही वाटतं, त्या दिवशी लाज सोडायला हवी होती.

"येते हं, वहिनी."

दार लागलं. किल्ली फिरली. तिची पावलं जिना उतरून गेली.

आणि मग लक्षात आलं, माझा फोन हॉलमध्येच राहिला.

घरात अशी शांतता झाली की फ्रिजची घरघर ऐकू येत होती. आणि नको तेव्हा मला माझी आत्या आठवली. आत्या सांगायची, एका हाकेला ओ देऊ नये. माणूस असेल तर परत हाक मारेल. ते असेल तर एकदाच मारतं, आणि ओ मिळाली की त्याला कळतं, घरात कोण आहे, कुठे आहे.

मी तर सकाळपासून ओ देत बसले होते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. फ्रिज बंद झाला. घरात काहीच आवाज उरला नाही...

टक्.

बाहेरच्या दारापाशी.

फरशी उजळली.

हे मला कानांनी कळलं. दिवसच्या दिवस पालथं पडलं की माणूस कानांनी बघायला शिकतो. प्रत्येक बटणाचा आवाज मला पाठ होता. दारापाशी पक्की भिंत, तिथलं बटण कोरडं वाजायचं. पण दार उघडल्याचा आवाज आला नव्हता. किल्ली फिरली नव्हती.

"चिमणे?"

उत्तर नाही.

टण्...

स्वयंपाकघर. टाइलवरचं बटण. फरशी काळी झाली.

मी ऐकत होते ते पावलांसाठी. आमच्या पॅसेजमधली एक फरशी हलते, त्यावर मांजर चाललं तरी कळतं. ती वाजली नाही. तिथून कुणी चालत नव्हतं.

ढप्...

कपाट. आत पोकळ, म्हणून असा आवाज. फरशी परत उजळली.

मी उठायचा विचार केला. हनुवटी छातीला लावून, भिंत धरून, फोनपर्यंत. पण हॉलला जायची वाट त्याच पॅसेजमधून. बाहेरच्या दाराची वाट त्याच पॅसेजमधून, आणि दाराला बाहेरून किल्ली. ते जे काही होतं ते बटणाबटणाने त्याच वाटेने आत येत होतं. मी डब्यात अडकल्यासारखी अडकले होते.

ओरडले का नाही, असं लोक विचारतात. पालथ्या माणसाचा आवाज किती जातो, ते एकदा पडून बघा.

टिक्...

खोलीची चौकट. अंधार.

आता खोलीत काहीतरी होतं. श्वास ऐकू आला नाही. कपड्यांची सळसळ नाही. फक्त खोली आधीपेक्षा लहान वाटायला लागली.

उरलं होतं एकच बटण. माझ्या स्टुलाचं. मी त्यावर बोट ठेवलं आणि घट्ट धरून राहिले. मनात म्हटलं, बाकीची घे, हे एक माझं. दिवा शेवटच्या माणसाचं ऐकतो ना? मग शेवटची मी.

आणि माझ्या बोटावर बोट आलं.

गार नव्हतं. लोक म्हणतात गार असतं. ते कोमट होतं, आपल्यासारखंच, आणि तेच सहन होईना. ते माझ्या बोटासकट बटण हळूहळू दाबत गेलं.

दिवा लागला.

मी फरशी बघितली. अधू डोळ्याने, पण बघितली. स्टुलाशेजारी पाय असतील असं वाटलं होतं.

पाय नव्हते.

माझ्या बोटावर बोट होतं आणि शेजारी कुणी उभं नव्हतं. तो हात वरून आला होता.

आता एक गोष्ट सांगते, ती रफूवाल्यांनाच कळेल. आम्ही दिव्याखाली काम करतो. हाताची सावली कापडावर पडते. हात वर, दिव्याजवळ असला की सावली मोठी आणि धुरकट. हात कापडाजवळ आला की सावली आकसते आणि तिचा काठ स्पष्ट होतो. सुई कुठे टोचणार ते आम्ही या सावलीवरून ओळखतो.

दिवा लागलेला होता. लांबच्या फरश्या उजळलेल्या दिसत होत्या. पण माझ्या भोवतीची फरशी काळपट होती. मोठा, धुरकट डाग.

मी बघत राहिले. डाग आकसायला लागला...

सावकाश. एकेक फरशी उजेडात सुटत होती. आणि त्या डागाचा काठ इतका स्पष्ट होत चालला होता की माझ्या अधू डोळ्यालाही दिसायला लागला.

हात आधीच खाली पोचला होता. बाकीचं आता उतरत होतं.

"वहिनी."

चिमणीचा आवाज. हुबेहूब. माझ्या पाठीच्या वर, पंख्याच्या आसपासून.

"वर बघ."

मान आपोआप उचलली जाणार होती. खरं सांगते, मानेच्या शिरा ताणल्यासुद्धा. कुणी हाक मारली की माणूस बघतोच. पण मी थांबले. कारण चिमणी जन्मात कधी मला एकच हाक मारून थांबलेली नाही.

मी वाट बघितली. दुसरी हाक येते का...

आली नाही.

मग मला कळलं त्याला काय हवं होतं. त्याने माझा गळा धरला नाही, मला ओढलं नाही. सकाळपासून दार उघडं मिळाल्यासारखं आत आलं होतं, आणि आता त्याला एवढंच हवं होतं की मी मान वर करून बघावं. आणि मला एवढंच करायचं नव्हतं. माझा डोळा, माझी सुई, माझं सगळं त्या एका बुडबुड्यावर टेकलेलं होतं.

मी टॉवेलमध्ये कपाळ असं दाबलं की दुखायला लागलं. आणि त्या कोमट बोटाखालूनच बटण दाबलं.

अंधार.

बोटाने परत दाबलं. उजेड. सावली आधीपेक्षा लहान.

मी दाबलं. अंधार.

त्याने दाबलं. सावली आता स्टुलाएवढी.

असं किती वेळ चाललं, मला माहीत नाही. रडायचं नव्हतं म्हणून मी दात आवळून मनातल्या मनात शिव्या देत होते. देवाचं नाव आठवलं नाही, शिव्या आठवल्या. शेवटी सावली इतकी लहान झाली की ती आणि माझ्या डोक्याची सावली वेगळ्या दिसेनात. माझ्या मानेवरचे केस कशाला तरी लागत होते.

किल्ली फिरली.

"वहिनी, वहिनी, अगं वहिनी, मालकाने लवकर सोडलं बघ आज."

बोट उचललं गेलं. मी दाबलं, आणि दिवा विझलेलाच राहिला.

चिमणी आत आली, पडदा बाजूला केला. मी तिला आधी विचारलं, "मी मान वर केली होती का गं?"

"मला काय माहीत? आत्ता तर खालीच आहे." मग तिने माझा हात धरला. "हे काय झालं बोटाला?"

माझ्या बोटाच्या टोकावर त्या बटणाचा गोल उमटला होता. निळा पडेपर्यंत.

संध्याकाळी हे आले. मी सगळं सांगितलं. ह्यांनी आधी वायरिंग सांगितलं, मग औषधांची गुंगी सांगितली. मी म्हटलं, "ठीक आहे. मला वर बघता येत नाही. तुम्ही बघा आणि सांगा, पंख्यापाशी काय आहे."

"अगं काय असणार?"

"बघा तर खरं."

हे माझ्या स्टुलाशेजारी उभे होते. मला ह्यांचे पाय दिसत होते. ह्यांनी वर बघितलं असणार, कारण टाचा किंचित उचलल्या गेल्या.

मग त्या खाली टेकल्या.



"काही नाही," शेवटी म्हणाले. "काही नाहीये वर."

आणि त्याच पावली ह्यांनी पलंग हॉलमध्ये ओढून आणला. एकट्याने. मला हाताला धरून बाहेर काढलं. घरभराची बटणं उपटली, स्मार्ट स्विच काढला, खोलीला कुलूप लावलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, काही नव्हतं तर मग कुलूप का? एरवी एका स्क्रूवर तासभर बोलणारा माणूस. तोंड उघडलं नाही.

माझा डोळा वाचला. पट्टी काढली तेव्हा डॉक्टर खुश झाले. म्हणाले, "भोक भरलं. आता वर बघायला काहीच हरकत नाही."

मी म्हटलं, "बरं."

आता सुईच्या नेढ्यात दोरा पहिल्या फटक्यात जातो. काम परत सुरू झालंय. हॉलमध्ये बसते. तिथे साधा दिवा आहे, भिंतीवर साधं बटण, एकच. आमच्या घरात आता कुणी वर बघत नाही. मी नाही आणि हेही नाहीत. चिमणी हसते, म्हणते, "काय शोधताय दोघं सारखे जमिनीवर?" हसू दे तिला.

पण काल...

काल दिवेलागणीला मी एक शाल मांडीवर घेऊन बसले होते. हे समोर जेवत होते, मान खाली घालून. मी डोळ्यांना आराम द्यायला सुई टोचून ठेवली आणि हात शालीखाली घेतले.

दोन्ही हात शालीखाली होते.

शालीवर सावली होती.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी ती बघितली होती. घास हातात तसाच होता.

"बघू नकोस," हे हळूच म्हणाले.

सावली मोठी होती, धुरकट. म्हणजे अजून बरंच वर आहे.